आघात कुठे पडतो

रशियन भाषेत उच्चारातील आघातामुळे अर्थ बदलू शकतो, पण लिहिताना किंवा छापताना तो आघात सहसा कोणी दाखवत नाही; वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावा, अशी अपेक्षा असते. ‘ओत्झिव’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात आला, तर अर्थ होतो अभिप्राय, आणि दुसऱ्यावर आला, तर माघारी घेणे, रद्द करणे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकताना नेमक्या याच फरकावर मी परीक्षेत गुण मिळवले होते, आणि तरीही शुक्रवार, ३० ऑक्टोबर १९९८ रोजी मी याच शब्दावर घसरले.

त्या काळात मी एका औषध निर्यातदाराची कागदपत्रे भाषांतरित करत असे. सोव्हिएत काळात त्यांचा व्यवहार रुपयांत होई आणि पैशांमागे दोन्ही सरकारे उभी असत, त्यामुळे बँक कोणती, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता. आता मात्र त्यांच्या हातात मॉस्कोतल्या एका लहान खासगी बँकेची एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट), म्हणजे माल पाठवल्याची कागदपत्रे दिली की पैसे देण्याचे बँकेचे लेखी वचन, होती. आपल्याकडच्या बँकेचे शुल्क वाचवण्यासाठी ती त्यांनी कन्फर्म करून, म्हणजे तिच्यावर आपल्याकडच्या बँकेची हमी, घेतली नव्हती, आणि या काटकसरीचा त्यांना ऑगस्टपर्यंत अभिमानही होता. १७ ऑगस्टला रशियन सरकारने रुबलचे अवमूल्यन केले, सरकारी रोख्यांची परतफेड थांबवली आणि काही परदेशी देण्यांना ९० दिवसांची स्थगिती दिली. त्या निवेदनात १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या कर्जांचा उल्लेख आहे, साध्या एल.सी.चा नाही, हे त्यांना पटवून देण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. ते शेवटी म्हणाले, “बाई, मोठं झाड पडलं तर लहान झाडं काय उभी राहणार? तुम्ही त्या इनकॉमबँकेवर लक्ष ठेवा.” तेव्हापासून त्यांचा मॉस्कोतला प्रतिनिधी कात्रणे फॅक्सने पाठवू लागला आणि मी त्यांचा गोषवारा लिहू लागले.

ते झाड फार जुने नव्हते. सोव्हिएत संघात १९८८च्या सहकार कायद्याने सरकारबाहेरच्या बँकांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी व्लादिमीर विनोग्रादव यांनी इनकॉमबँक उभी केली. ते शिक्षणाने बँकर नव्हेत. मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेतून ते बाहेर पडले आणि अणुभट्ट्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली होती. दहा वर्षांच्या आत ही बँक देशातल्या सर्वांत मोठ्या खासगी बँकांपैकी एक झाली. बाबायेव्स्की आणि रोत फ्रोंत हे मॉस्कोतले नावाजलेले चॉकलेट कारखाने तिच्या ताब्यात होते, आणि चित्रकार काझीमिर मालेविचच्या ‘काळ्या चौकोना’ची एक आवृत्ती तिच्या चित्रसंग्रहात होती. चॉकलेट आणि काळा चौकोन यांच्याकडे पाहून बँकेची पत ठरवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत आपल्याकडचे शिकलेले अधिकारीही होते.

माझा खरा झगडा आकड्यांशी होता. १ जानेवारी १९९८ रोजी रशियाने रुबलमधली तीन शून्ये कापली, म्हणजे जुने हजार रुबल आता एक रुबल झाले. एकाच कात्रणात वरचा तक्ता जुन्या रुबलांत आणि खालचा मजकूर नव्या रुबलांत असे, आणि कोणता कशात आहे हे सांगणारी तळटीप बहुधा फॅक्सच्या कडेला कापली जाई. शब्दाच्या दराने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला या पडताळणीचे मोल कळत नाही, कारण पडताळणीतून एकही नवा शब्द निर्माण होत नाही.

सप्टेंबरात मध्यवर्ती बँकेने इनकॉमबँकेसह सहा बँकांच्या ठेवीदारांना आपल्या ठेवी सरकारी स्बेरबँकेत हलवण्याची मुभा दिली; पण डॉलरमधल्या ठेवी १ सप्टेंबरच्या दराने, म्हणजे डॉलरला ९.३३ रुबल या भावाने, रुबलांत बदलल्या जाणार होत्या. त्याच महिन्यात काही दिवस डॉलर वीस रुबलांच्या घरात गेला. हा मजकूर मराठीत उतरवताना मला आपल्या बुडालेल्या पतपेढ्यांच्या दारातल्या रांगा आठवल्या.

त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता आलेला फॅक्स दोन हस्तलिखित ओळींचा होता आणि त्याची उजवी कड नेहमीप्रमाणे पुसट झाली होती. मला वाचता आले ते एवढेच: काल, मध्यवर्ती बँक, इनकॉम, ओत्झिव. पुढचा शब्द ‘लि’ या अक्षरांवर तुटला होता. साहेब फोनवर ताटकळत होते. माल न्हावाशेवाला पोहोचला होता आणि तो चढवायचा की थांबवायचा, एवढेच त्यांना ठरवायचे होते. मी सांगितले, “मध्यवर्ती बँकेचा इनकॉमबँकेबद्दलचा अभिप्राय काल आला आहे.” “वाईट आहे का?” “तसं काही लिहिलेलं नाही.” त्यांनी माल चढवायला सांगितले.

रात्री जेवताना मला तो ‘लि’ आठवला. ‘लित्सेन्झिया’, परवाना. २९ ऑक्टोबरला इनकॉमबँकेचा परवाना रद्द झाला होता. त्याहून बोचले ते हे, की साहेबांची एल.सी. ‘बेझओत्झिव्नी’, म्हणजे कोणालाही मागे न घेता येणारी होती. हा शब्द मीच मे महिन्यात भाषांतरित केला होता, तोही याच धातूचा, आणि तेव्हा मी मराठी प्रतिशब्दावर खूश होऊन दोन मिनिटे खुर्चीत मागे टेकून बसले होते. वचन मागे घेता येत नाही, पण वचन देणाऱ्याचा परवाना मात्र दुसरा कोणी मागे घेऊ शकतो, याकडे मी तेव्हा लक्ष वेधले नाही. ते भाषांतरकाराचे काम नाही, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे.

सकाळी फोन केला. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “माल चढला, बाई. आता काय, बोट माघारी बोलावू?”

त्या लहान बँकेने पैसे दिले, उशिरा आणि दोन हप्त्यांत, पण पूर्ण दिले. शब्द बरोबर वाचला असता, तर साहेबांनी माल थांबवला असता आणि ऑर्डर गेली असती. त्यामुळे बाजारात ते माझे कौतुक करत आणि मला ते ऐकवत नसे. इनकॉमबँकेचा काळा चौकोन २००२ साली उद्योगपती व्लादिमीर पोतानिन यांच्या दहा लाख डॉलरवर हर्मिताज संग्रहालयात गेला. हे पोतानिनही १९९८ च्या पडझडीत सापडलेल्या ओनेक्सिमबँकेचे. विनोग्रादव २००८ मध्ये वारले. तोवर मी प्रत्येक ‘ओत्झिव’वर तांबड्या पेन्सिलीने आघाताची खूण करू लागले होते.

त्या दोन ओळींच्या फॅक्सचे बिल मी साहेबांना कधीच पाठवले नाही.