तलावावर पहाटे उतरायची परवानगी: माझा अनुभव

नागपुरातल्या एका तलावाच्या अभ्यासासाठी बोट, बाटल्या, रसायनं सगळं जमलं. अडलं ते परवानगीच्या पत्रातल्या एका ओळीवर: 'नमुने कार्यालयीन वेळेतच घ्यावेत.'

या ओळीने अख्ख्या कामावर पाणी फिरतं. हिरव्यागार तलावात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर शेवाळ, जीवाणू, मासे सगळेच तो संपवतात. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. मासे मरतात ते बहुधा तेव्हाच. तीस अंशांच्या पाण्यात नुसत्या हवेतून लिटरला साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो. दुपारी त्याहून बराच जास्त आकडा आला, तर तलाव सुदृढ नाही, शेवाळ माजलंय. फक्त दुपारचे आकडे असतील तर मरणारा तलावही कागदावर ठणठणीत दिसतो!

हे सगळं परवानगी देणाऱ्या कार्यालयात सांगितलं तर उत्तर मिळालं, 'पहाटे चौकीदार नसतो, नवीन अर्ज करा.' पुढे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, मग साहेब दौऱ्यावर. तेवढ्यात हिवाळी अधिवेशन आलं. डिसेंबरात इथे कोणाला वेळ नसतो, त्यामुळे अर्ज ऑक्टोबरच्या आधीच टाका.

सुटका झाली ती अर्जाच्या भाषेमुळे. 'पहाटे ५ ते ७ आणि दुपारी २ ते ४' असं स्पष्ट लिहा. एक तारीख नको, महिन्यांची मुदत मागा. तारीख टळली की पत्र रद्दी. एकूण किती लिटर पाणी नेणार, मासे पकडणार नाही, लाइफ जॅकेट असतील, हेही लिहा. नकाशावर नमुन्याच्या जागा दाखवा. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, नंतर अर्ज शोधायला तोच कामी येतो.

ऑक्सिजन मोजायच्या ३०० मिलीच्या बाटलीत रसायनं बोटीतच घाला, म्हणजे ऑक्सिजन तिथेच पक्का होतो, पुढे बदलत नाही. नागपूरच्या उन्हात किनाऱ्यापर्यंत थांबलात तर आकडा बदलतो. नळी बुडाशी टेकवून बाटली भरा, पाणी वाहू द्या, बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड प्रत्येकी २ मिली, पाण्याच्या पातळीखाली सोडा. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. तो खाली बसला की २ मिली सल्फ्युरिक आम्ल. टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब द्रावण घालून केलेलं मोजमाप, त्याच दिवशी प्रयोगशाळेत.

आणि हो, तलावाची मालकी आधीच विचारून घ्या. जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं आणि मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडे असू शकतो. तिघांनाही प्रत द्या. मंजूर पत्राची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून बोटीतच ठेवा, पहाटे फाटकावर तीच मागतात.