फॉर्ममध्ये बीपी लिहिलं

रविवार, रात्रीचे साडेअकरा, उदगीर

आज शेवटी हेल्थ इन्शुरन्सचा फॉर्म भरला. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षं झाली, कंपनीचं कार्ड राजीनाम्यासोबतच गेलं, आणि इथं घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं करायलो तेव्हापासून हा विषय नुसता पुढं ढकलायलो. मागच्या महिन्यात शेजारचे काका लातूरला अ‍ॅडमिट होते, त्यांच्या पोरानं सोयाबीनचे आलेले सगळे पैसे दवाखान्यात भरले. ते बघून पोटात गोळाच आला. मी तर आठ दिवस आडवा पडलो की काम बंद, पेमेंट बंद, आणि बिल वेगळंच.

अडलो ते एका प्रश्नावर. आधीपासून काही आजार आहे का? मला दीड वर्षापासून बीपीची गोळी चालू आहे. पॉलिसी काढून देणारा मित्रच आहे, तो म्हणला लिहू नको, प्रीमियम वाढंल. दोन रात्री तेच डोक्यात. मग स्वतः वाचत बसलो. 2024 पासून जुन्या आजाराला वेटिंग, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळायच्या आधी थांबायचा काळ, जास्तीत जास्त 36 महिने, आधी 48 होतं. आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारायचा हक्क विमा कंपनीला सलग 60 महिने राहतो, फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. म्हणजे लिहिलं तर तीन वर्षं थांबायचं, लपवलं तर पाच वर्षं भीत जगायचं! लिहून टाकलं.

एक गोष्ट मात्र लई लागली मनाला. नोकरी सोडतानाच ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, झालेलं वेटिंग धरलं जातं. तेव्हा कुणीच सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पहिली स्वस्त पॉलिसी रूम रेंटच्या, म्हणजे दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्याच्या लिमिटमुळं सोडली. पाच लाखाच्या कव्हरवर दिवसाला एक टक्का, म्हणजे 5000. आठ हजाराची रूम घेतली तर वरचे तीन हजारच भरायचे असं मला वाटायचं, पण तसं नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च पण त्या प्रमाणात कापतात. म्हणून लिमिट नसलेली घेतली, तिघांत मिळून दहा लाखाची. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, त्यानं थोडं हलकं झालं.

नेटवर्कची, म्हणजे विमा कंपनी थेट बिल भरते त्या दवाखान्यांची यादी पण नुसती वाचली नाही. आपल्याकडचा पेशंट आधी लातूरला, तिथं नाही झालं तर हैदराबाद नाहीतर सोलापूर, म्हणून लातूरच्या दोन दवाखान्यांत फोन करून कॅशलेस चालू आहे का विचारलं. एकात बंद होतं, यादीत मात्र नाव होतं.

अण्णा 72 चे, त्यांना यात घेतलं नाही. सत्तरीच्या पुढच्यांचं पाच लाखापर्यंतच्या मोफत उपचाराचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. अण्णा म्हणले, "मला काय होतंय रे, तू तुझं बघ." ऐकणार नाही, याच आठवड्यात त्यांचं आधार घेऊन जातो.

पॉलिसीसाठी रक्त तपासायचंय. उद्या सकाळी सातला उपाशीपोटी बोलावलंय.