बॉम्बेयेन्सिस की घाटेई? आता थर्मामीटरही वादात

राओर्चेस्टिस या छोट्या बेडकांच्या बॉम्बेयेन्सिस आणि घाटेई या दोन जाती नराच्या सादेवरून (कॉल) वेगळ्या ओळखता येतील का, यासाठी मी रेकॉर्डिंग्ज 'क' आणि 'ख' अशा दोन गटांत लावली होती. 'क'ची टिकटिक झपाझप, 'ख'ची रेंगाळत. या पावसाळ्यात प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत हवेचं तापमान टिपत होतो. परवा ते आकडे पल्स रेटशेजारी (टिकटिकीच्या वेगाशेजारी) मांडले, तर बहुतेक 'ख' फाइल्स गार रात्रीच्या! बेडूक शीतरक्ताचा. गारठ्यात स्नायू संथ, तशी पल्सही संथ. म्हणजे एकच नर उकाड्यात 'क' आणि धुक्यात 'ख' वाजवत असणार.

दिसण्यावरून सोडवावं, तर राओर्चेस्टिसच्या रंगांना धरबंद नाही. तपकिरी, राखाडी, पट्टेवाला, बिनपट्ट्याचा, सगळे एकाच जातीचे असू शकतात. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, त्यामुळे टॅडपोलच्या तोंडावरून ओळखायची सोयही नाही. 2010 मध्ये हा जीनस (जवळच्या जातींचा गट) फिलाउटस या जीनसमधून वेगळा काढला तोही मुख्यतः डीएनएच्या जोरावर. आपल्या हातात उरतो कॉल.

तरी एक धागा सापडलाय. डॉमिनंट फ्रिक्वेन्सी (कॉलमधला सर्वात जोरकस सूर) तापमानाने फारशी हलत नाही, ती बरीचशी अंगाच्या आकाराशी बांधलेली असते. 'ख'मधल्या मोजक्या फाइल्स गार रात्रीच्या नाहीत आणि त्यांची फ्रिक्वेन्सीही वरची आहे, म्हणजे तो दुसराच बेडूक असू शकतो. स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या आलेखावर) तो पट्टा इतका स्वच्छ उमटला की बराच वेळ नुसता बघत बसलो.

रेव्हन लाइट हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे, महागडं काही घेऊ नका. रेकॉर्डरचं ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय) मात्र बंदच ठेवा. मोबाइलवरची ॲप्स आवाज 'स्वच्छ' करण्याच्या नादात पल्सच गिळतात.

पुढचा बेत कर्नाटकातल्या कॅसल रॉकचा होता. प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेलने 1919 मध्ये बॉम्बेयेन्सिसचं वर्णन केलं ते तिथल्याच बेडकांवरून, तेव्हा तिथला कॉल हीच खरी मोजपट्टी. घाटेईचं वर्णन तर 2013चं, महाराष्ट्रातल्या बेडकांवरून. पण हे लिहितानाच सुचलं: आधी एकाच फांदीवरचा एकच नर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत रेकॉर्ड करायचा. पारा उतरेल तशी त्याची पल्स किती उतरते ते कळलं की बाकी फाइल्स एकाच तापमानावर आणून ताडता येतील. कॅसल रॉक त्यानंतर.

कुणाकडे तिथल्या जुन्या फाइल्स तापमानाच्या नोंदीसह असतील तर पाठवा. डब्ल्यूएव्हीच हवी, एमपीथ्री नको.