सॉर्टेक्सची वही आणि रोजामागे ९० रुपये

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी सॉर्टेक्स, म्हणजे डाळीतला खराब दाणा वेगळा काढणारं मशीन चालवते. मिलचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच आहे आणि पुढेही राहायचं आहे. पण आमच्या मशीनवर बायकांचा दिवसाचा रोज पुरुषांइतका झाला, तेव्हापासून बायकांचा रोज आणि पुरुषांचा रोज असा विषय निघाला की आजूबाजूच्या मिलांतल्या, चटई कारखान्यांतल्या बायका मलाच विचारतात, "तू नेमकं केलं तरी काय वं?" म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

तूर मिलमध्ये आली की आधी गाळली जाते, तेलपाणी लावून वाळवली जाते, रोलवर सालं निघतात, मग डाळ फुटते. सॉर्टेक्स त्यानंतर. डाळ वरून पन्हाळीतून पातळ थरात खाली येते, कॅमेरा रंग बघतो आणि काळा दाणा, सालाचा दाणा, खडा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. ऐकायला वाटतं, मशीनच सगळं करतं. पण काचेवर डाळीची भुकटी बसली की कॅमेऱ्याला सगळंच काळं दिसतं आणि चांगली डाळ रिजेक्शनमध्ये, म्हणजे बाद मालात जायला लागते. हवेचं प्रेशर उतरलं की उलटं होतं, खडा चांगल्या डाळीत जातो. त्यामुळे कान कॉम्प्रेसरकडे आणि डोळा रिजेक्शनच्या पोत्याकडे ठेवावा लागतो. मूठभर रिजेक्शन ताटात पसरून त्यात चांगला दाणा किती गेला ते बघायचं आणि त्याप्रमाणे सेटिंग कमीजास्त करायचं, हेच खरं काम. आधी आम्ही सगळ्याजणी निवड विभागात ताटं घेऊन बसायचो. मशीन आलं तेव्हा आमच्यातल्या दहावी-बारावी झालेल्या सहा जणींना शेठनी तिकडे घेतलं.

२०२२ च्या तुरीच्या हंगामात दोन पाळ्या सुरू झाल्या आणि तीन पोरं सॉर्टेक्सवर आली. त्यातल्या एकाला मीच शिकवलं. पोरगा गुणी आहे, आजही मला ताई म्हणतो. पगाराच्या दिवशी त्यानं फोन पुढे केला, "ताई, हे पीएफचं किती कापलं बघ ना." बँकेचा मेसेज होता. हजेरी दोघांची सारखीच, सव्वीस दिवस. पीएफ कापण्याआधीचा आकडा काढला, तर फरक निघाला २३४० रुपयांचा. म्हणजे रोजामागे ९० रुपये.

मुनीमजींना आम्ही नाना म्हणतो. नानांनी पगारपत्रक काढून दाखवलं. त्याच्या नावापुढे 'ऑपरेटर, अर्धकुशल'. माझ्या नावापुढे 'हेल्पर, अकुशल'. मशीनवर आलेल्या सहाही बायका हेल्पर आणि कालची तिन्ही पोरं ऑपरेटर. शेठकडे गेलो तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा एक रुपया कमी देत नाही मी. कुठंही जा." आणि ते खोटं नव्हतं. अकुशल कामगाराचं किमान वेतन आम्हाला मिळतच होतं.

इथे बरेच जण थांबतात. आम्हीही थांबलो असतो, पण आमच्या गल्लीत एक जुने कामगार पुढारी राहतात, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किमान वेतनाचा कायदा वेगळा, समान वेतनाचा वेगळा. शेठ पहिल्याचं उत्तर देतोय, तुमचा प्रश्न दुसऱ्याचा आहे." समान वेतन कायदा १९७६ चा. त्यात पदाच्या नावाला फारसा अर्थ नाही. 'एकच काम किंवा सारख्या स्वरूपाचं काम' एवढंच बघायचं. कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी आहे का, कामाची परिस्थिती सारखी आहे का आणि फरक असला तर तो प्रत्यक्ष कामात जाणवण्याइतका आहे का. कागदावर हेल्पर लिहा की महाराणी लिहा, अधिकाऱ्यानं बघायचं ते हात काय करतात ते.

हात काय करतात याचा पुरावा मशीनच्या शेजारीच खिळ्याला टांगलेला होता. सॉर्टेक्सची वही. दर तासाला प्रेशर किती, रिजेक्शन किती पोती, काच पुसली का, सेटिंग बदललं का आणि शेवटी सही. सकाळी माझी सही, दुपारी त्या पोराची, दुसऱ्या दिवशी उलट. रकाने तेच, काम तेच. त्या नोंदी करणं आमच्याच कामाचा भाग होता, त्यामुळे वही हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आम्ही आपापल्या पाळीच्या पानांचे फोटो काढून ठेवले. पगाराचे मेसेज आणि हजेरी कार्डांच्या झेरॉक्सही एकत्र केल्या. कुणी मला विचारलं तर मी आधी हेच सांगते. अर्ज नंतर लिहा, आधी वही बघा. भांडण सुरू झालं की वही कपाटात जाते. आमचीही गेली.

अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात दिला, तीन प्रतींत. चौथीवर आवक शिक्का घेतला. सहापैकी चौघींनी सह्या केल्या आणि नंतर दोघींनी मागे घेतल्या. त्यांना मी दोष देत नाही. एकीचा नवरा त्याच मिलमध्ये हमालीला आहे. आमच्या घरीही सासूबाई म्हणाल्याच, "मालकाशी भांडून कोणाचं पोट भरलं का माय?" नवरा काही बोलला नाही, पण सुनावणीच्या दिवशी तालुक्याच्या गावचं काम सोडून गाडीवर सोडायला आला. तेवढं पुष्कळ झालं.

कार्यालयातून तपासणीला आले तेव्हा त्यांनी नमुना 'ड' चं रजिस्टर मागितलं. कोणत्या कामावर किती पुरुष, किती बायका, कुणाला काय दर, हे त्यात मालकानं लिहून ठेवायचं असतं. ते नव्हतंच. काही दिवसांनी एक रजिस्टर हजर झालं, सगळी पानं एकाच पेनानं लिहिलेली. हे मला कळलं ते माहितीच्या अधिकारामुळे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तपासणीच्या शेऱ्याची नकल मागितली होती.

शेऱ्याची नकल हातात आली त्याच सुमारास मला सॉर्टेक्सवरून काढून चुनीच्या शेडमध्ये टाकलं. चुनी म्हणजे डाळीचा चुरा आणि सालं, गुरांच्या खाद्याला जाते. दिवसभर भुकटी नाकातोंडात. रोज तोच, म्हणून वरून बघता तक्रार करायला जागा नाही. आबांनी १९७१ च्या कायद्याचं नाव सांगितलं, आपल्या महाराष्ट्राचा, अनुचित कामगार प्रथांचा. तक्रार केली म्हणून आकसानं बदली करणं, एका गटाला झुकतं माप देणं हे त्यात अनुचित धरलं आहे आणि ९० दिवसांच्या आत न्यायालयात जावं लागतं. आम्ही कोर्टात गेलो नाही. तसं पत्र मात्र दिलं, त्यात कलमं घातली आणि प्रत कामगार कार्यालयाला लावली. मी पुन्हा मशीनवर आले. नव्वद दिवसांची मुदत आहे, हे समोरच्याला माहीत असणं आणि आपल्याला माहीत आहे हेही त्याला माहीत असणं, याचा फार उपयोग होतो.

सुनावणीला मिलकडून लेबर कन्सल्टंट यायचे. बोलायला एकदम गोड. त्यांचा पहिला मुद्दा असा, की पुरुष पन्नास किलोची पोती उचलतात, बायका उचलत नाहीत. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, पोती ही पोरंही उचलत नाहीत. त्याला हमालांची टोळी आहे, तिची मजुरी वेगळी निघते, नानांच्या वहीत आहे." कन्सल्टंट कागद चाळत राहिले. दुसरा मुद्दा रात्रपाळीचा. पोरं रात्री येतात, बायका येत नाहीत. हा मुद्दा खरा होता आणि मला तो पटतोही. रात्री जागणाऱ्याला चार पैसे जास्त मिळालेच पाहिजेत. पण मग तो रात्रपाळीचा भत्ता झाला. दिवसपाळीत त्याच मशीनवर उभं राहिल्याचे ९० रुपये जास्त कशाचे? तिसरा मुद्दा म्हणजे नेहमीचं रडगाणं. बाजार मंदा आहे, मिलला परवडत नाही. त्यावर आबांनी सुप्रीम कोर्टाचा १९८७ चा निकाल पुढे ठेवला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्रे डिकोस्टा यांची केस. पुरुष स्टेनोंपेक्षा त्यांना पगार कमी होता, त्या लढल्या आणि कोर्टानं सांगितलं, की कंपनीला परवडत नाही हे समान वेतन नाकारायला कारण होऊ शकत नाही. मुंबईच्या ऑफिसातल्या बाईंचा निकाल आमच्या डाळमिलला लागू पडला, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

या सगळ्यात सर्वात वाईट दिवस सुनावणीचे नव्हते. शेठनी पोरांना बोलावून सांगितलं, "या बायकांमुळे आता तुमचाच रोज खाली आणावा लागेल." दोन दिवस डब्याच्या वेळी आमच्याशी कुणी बोललं नाही. मग मी कायद्याचं ते पान झेरॉक्स करून नेलं. समान करण्यासाठी कुणाचाही दर कमी करता येत नाही, वरचा दर खालच्याला द्यायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी शिकवलेल्या पोरानं ते मोठ्यानं वाचलं. त्यानंतर भरताच्या वांग्यावरून भांडण्याइतपत सगळं पूर्ववत झालं.

निकाल आमच्या बाजूनं लागला, पण सगळा नाही. सॉर्टेक्सचं काम सारख्या स्वरूपाचं ठरलं, दिवसाचा दर सारखा झाला, मागचा फरक द्यायला सांगितला. रात्रपाळीचा भत्ता वेगळा ठेवायला मुभा मिळाली. अपिलाला तीस दिवस होते, मिल गेली नाही. फरकाची रक्कम हप्त्यांनी आली, दर हप्त्याला नानांना आठवण करून द्यावी लागली. ज्या दोघींनी सह्या मागे घेतल्या होत्या त्यांचाही दर वाढला, आणि ते बरंच झालं.

आता कुणी विचारायला आलं तर १९७६ च्या कायद्याखाली अर्ज करू नका म्हणून सांगावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि तो कायदा तिच्यात विरून गेला. सारख्या कामाला सारखं वेतन ही गोष्ट तिसऱ्या कलमात आहे. भरतीतही भेदभाव चालणार नाही असं तिथेच म्हटलंय. वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. आणि देणं दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. वहीचे फोटो मात्र तरीही काढाच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आमच्या निवड विभागात अजूनही बायका ताटं घेऊन बसतात, कारण मशीनला चुकवून गेलेला खडा शेवटी त्यांच्याच नजरेत सापडतो. मिलमधला सर्वात कमी रोज त्यांचा. त्यांच्यासाठी अर्ज करायचं मनात आलं तेव्हा आबा म्हणाले, "तुलना कुणाशी करशील? तिथं एकही पुरुष बसत नाही." जुन्या कायद्यातही हीच अडचण होती, नव्यातही आहे. त्या बायकांना वर काढायचं तर निवडीचं काम अकुशलच्या यादीतून अर्धकुशलमध्ये जायला हवं आणि ते किमान वेतनाचे दर सरकार नव्यानं ठरवतं तेव्हाच होऊ शकतं. दराचा मसुदा निघतो, त्यावर हरकती मागवतात. आमची हरकत लिहून तयार आहे, निवड विभागातल्या सगळ्याजणींनी सह्या केल्यात. या वेळी कुणी मागे घेतलेली नाही.