पॅडल ओढणं सोपं, ते परत येणं अवघड

स्वतः बनवलेल्या गाडीत स्टिअरिंगमागे गिअर बदलायचं पॅडल बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. ते सोडल्यावर गिअरचा आर्म दर वेळी बरोबर मधोमध परत यायला हवा, आणि सगळी डोकेफोड तिथेच असते. यूट्यूबवर मात्र सगळे कार्बन फायबरची पॅडल दाखवत बसतात.

माझी गाडी लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची. नळ्यांची चॅसी, टप नाही, दारं नाहीत. इंजिन केटीएम 390 चं, एका ठोकलेल्या ड्यूक बाइकमधून काढलेलं. 373 सीसी, सहा गिअर, आणि बनतं आपल्या चाकणलाच. फॉर्म्युला स्टुडंटवाली, म्हणजे कॉलेजच्या रेसकार स्पर्धेतली पोरं याच इंजिनामागे असतात. त्यांना 710 सीसीची मर्यादा असते आणि याचे पार्ट सहज मिळतात. रस्त्यावर मी ही गाडी काढत नाही. टाइप अप्रूव्हलशिवाय, म्हणजे चाचण्यांनंतरच्या मंजुरीशिवाय, आरटीओ नंबर देत नाही, आणि त्या चाचण्या घेणारी एआरएआय इथेच पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर असली तरी त्या काही स्वस्तात होत नाहीत.

बाइकचा गिअरबॉक्स सीक्वेन्शियल असतो. एक झटका वर, एक झटका खाली, बस. म्हणूनच त्याला पॅडल शोभतं. फेरारीने 1989 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पॅडल आणलं आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, त्यांचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल जिंकला. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स आणि हायड्रॉलिक्स होतं. आमच्याकडे एक पुश-पुल केबल आहे, अर्थमूव्हिंग मशिनच्या लिव्हरला असते तसली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं पहिल्या दिवसापासून एकच, "मामा, सरळ सोलेनॉइड लावू ना." म्हणजे विजेवर दांडी ढकलणारी कॉइल. अरे बाबा, गिअर जोरात पडायला सोलेनॉइड एका फटक्यात भरपूर अँपिअर ओढतो, आणि बाइकचा वीज बनवणारा स्टेटर तो केवढासा! बॅटरी बसली की ट्रॅकच्या मधोमध एकाच गिअरमध्ये अडकून बसायचं. केबल तुटली तरी निदान डोळ्यांना दिसते.

आता मूळ मुद्दा. गिअर शाफ्ट एका बाजूला फिरला की त्याच्यावरचा पंजा गिअर निवडणाऱ्या ड्रमची एक पिन ढकलतो आणि गिअर पडतो. मग आतली सेंटरिंग स्प्रिंग शाफ्टला पुन्हा मध्यावर आणते आणि पंजा पुढच्या पिनेला जाऊन बसतो. ही स्प्रिंग फक्त बाइकचा छोटा लिव्हर परत आणायला बनवलेली आहे. आपण तिच्या गळ्यात दीड मीटर केबल, दोन रॉड एंड (टोकाचे फिरते सांधे) आणि एक पॅडल बांधतो. केबल जरा घासली की शाफ्ट दोन-तीन अंश अलीकडेच थांबतो, पंजा पिनेवर बसत नाही, आणि पुढचं पॅडल पोकळ जातं. लोक म्हणतात गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्स ठणठणीत असतो.

म्हणून केबलला कुठेही 200 मिमीपेक्षा लहान वळण दिलेलं नाही, आणि सायलेन्सरच्या पाइपपासून ती हातभर लांब ठेवली आहे; आतलं प्लास्टिकचं अस्तर तापून मऊ पडलं की संपलंच. पॅडलच्या पिव्हटला पितळी बुश, लेथवर रीमर मारून घेतलेला. तपासायची पद्धत सोपी आहे: पॅडलकडची पिन काढायची, केबल हाताने ढकलायची आणि सोडायची. आर्म स्वतःहून मध्यावर आला तरच पुढचं काम.

माप असं. शाफ्टवरचा आर्म 50 मिमी, शाफ्ट साधारण 15 अंश फिरतो, म्हणजे केबल 13 मिमी हलते. पॅडलवर पिव्हटपासून केबल 40 मिमीवर आणि बोट 80 वर. बोटाला 26 मिमी ओढावं लागतं आणि जोर निम्मा लागतो. आर्म आखूड करून पॅडल कमी ओढायची हौस अनेकांना असते. मग केबलमधला दोन मिमीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, सगळा स्ट्रोक खाऊन टाकतो.

पॅडल स्टिअरिंगवर नाही, कॉलमवर. चाकाबरोबर ते फिरलं तर केबलही पिळली जाणार. एकच रुंद पट्टी आहे, तिचं उजवं टोक ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. हात आडवेतिडवे झालेल्या वळणात ती सापडत नाही हे खरं, पण तिथे गिअर बदलतंच कोण?

वर जाताना क्लच लागत नाही. पट्टीमागे मायक्रोस्विच आहे, तो इग्निशन कॉइलचा करंट जेमतेम 60 मिलिसेकंद तोडतो. तेवढ्यात गिअरच्या डॉगवरचा (एकमेकांत अडकणाऱ्या दातांवरचा) ताण सुटतो आणि पुढचा गिअर लोण्यासारखा पडतो. खाली येताना मात्र पायाने क्लच आणि थ्रॉटलचा हलका ठोसा, त्याला पर्याय नाही.

राहिलं न्यूट्रल. ते पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये अर्ध्या झटक्यावर असतं, आणि पॅडलने अर्धा झटका देणं हे नशिबाचं काम. त्यासाठी डॅशखाली एक खुंटी बसवली आहे. ती ओढली की पट्टी अर्ध्यातच अडते. भाच्याला हे फार जुनाट वाटतं. त्याला डॅशवर गिअरचा आकडा हवाय. इंजिनात गिअर पोझिशन सेन्सर आहेच, तेव्हा डिस्प्ले पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायचा आणि वायरिंग त्याने करायचं, असं ठरलंय. खुंटी मी काढणार नाही.