चॅरिटी शॉपचा नाद

इंग्लंडात आलं की आधी प्रायमार्क (स्वस्त कपड्यांचं दुकान) सापडतं आणि मग हळूहळू चॅरिटी शॉप, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभे करणारं दुकान, आणि एकदा ते सापडलं की संपलंच! हाय स्ट्रीटवर (गावातल्या मुख्य बाजाररस्त्यावर) ओळीने असतात, ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च, बार्नार्डोज. ऑक्सफॅमचं पहिलं दुकान १९४७ च्या शेवटी ऑक्सफर्डला ब्रॉड स्ट्रीटवर निघालं, ते अजून चालू आहे.

आई फोनवर म्हणते, "अगं, लोकांचे उतरवलेले कपडे कसले घालतेस?" तिच्या डोक्यात बोहारीण, जुन्या साड्या द्यायच्या आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं, म्हणजे द्यायला हरकत नाही पण घ्यायचे नाहीत, हे लॉजिक मला कधीच कळलं नाही :)

गंमत म्हणजे दुकानात माल फुकट आलेला, काउंटरवरच्या आजी बहुतेक व्हॉलंटियर, जे विकलं जात नाही ते चिंधीवाल्याला किलोवर. आणि तुम्ही इथे पुरेसा इन्कम टॅक्स भरत असाल तर सामान देताना गिफ्ट एडचा फॉर्म नक्की भरा, तुमची वस्तू विकून आलेल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला वर २५ पेन्स देतं, तुमच्या खिशातून काही जात नाही.

माझं मत विचाराल तर कपड्यांसाठी श्रीमंत वस्तीतलं दुकान गाठा, लोकरीचे कोट तिथेच. लेबल वाचा, शिवण उलटून बघा, काखेत वास घ्या (हो, खरंच). पुस्तकं आणि काचेची भांडी कुठेही. आणि घासाघीस करू नका हो, पैसे चॅरिटीला जातात, तिथे तुळशीबाग काढू नका!