तोंड सांगलीकडे

परवा दुपारी लाइट गेली आणि उशाशी नुसता खरखरत पडलेला खिशातला रेडिओ एकदम स्वच्छ कन्नड बोलायला लागला. काटा ७६५ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आकाशवाणीचं धारवाड केंद्र. कन्नड मला चार शब्दांपलीकडे येत नाही, तरी बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. दीडशे किलोमीटर तुडवत आलेला आवाज, आणि एरवी माझ्याच घरातला चार हातांवरचा चार्जर त्याला तोंड उघडू देत नाही. एलईडीचे बल्बही त्यातलेच. मीडियम वेव्हच्या, म्हणजे लांबून येणाऱ्या या जुन्या रेडिओलहरींच्या, मुळावर आलेली जमात आहे ही.

रेडिओच्या बाबतीत मी जरा विक्षिप्त आहे. कंपनी कुठली हे विचारत नाही, आतली कांडी केवढी ते विचारतो. दुकानदार माझ्याकडे बघतच राहतो. ती फेराइटची काळी कांडी, तिच्यावर गुंडाळलेली केसासारखी तार, तोच मीडियम वेव्हचा कान. खिशातल्या रेडिओचं खरं दुखणंही तेच. खिशात मावायचं तर कांडी दोन बोटांची करावी लागते, आणि लांबचं ऐकायचं तर ती चांगली वीतभर हवी. मधल्या मध्ये चार बोटांची मिळाली तरी मी खूश. लोक बाहेरची चकचकीत काडी ओढून ओढून सांगली शोधतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. अहो, ती एफएमची. सांगलीला तिचा काय उपयोग!

आजोबांना कांडीबिंडी माहीत नव्हती, पण दिशा पक्की ठाऊक होती. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या कट्ट्यावर संध्याकाळी रेडिओ मांडायचा तो ठरलेल्या पद्धतीनं, पाठ रंकाळ्याकडे, तोंड सांगलीकडे. जाळीजाळीची चामड्याची पिशवी, तिला त्यांच्या तपकिरीचा वास. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, तेवढ्यानं भागलं नाही तर दातानं चेमटवायचे. मग १२५१वर गुळाचे भाव लागायचे आणि कट्ट्यावरची चार म्हातारी माणसं, स्वतःची एक ढेपही नसताना, भाव पडला म्हणून हळहळायची.

पुणं लावायचं झालं की आजोबा रेडिओ पाव वळसा फिरवायचे. हे मला फार नंतर नकाशावर कळलं. कोल्हापुरापासून सांगली एका अंगाला, आणि तिच्या जवळजवळ काटकोनात, एकीकडे पुणं, दुसरीकडे धारवाड. कांडी आडवी पडली की समोरचं आणि पाठीमागचं सारखंच ऐकते, टोकाकडचं मात्र तिला ऐकू येत नाही. त्यामुळे सांगली लावली की धारवाड आपोआप गप्प. पुणं लावलं की मात्र धारवाडही कान टवकारून हजर. त्यात पुणं ७९२वर, म्हणजे काट्यावरही अगदी शेजारी.

एका मे महिन्यात, सगळे झोपलेले असताना, मी त्या रेडिओचं मागचं झाकण काढलं. आत पत्र्याच्या चिमुकल्या डब्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर खाच पाडलेला रंगीत ठिपका. लाल, पिवळा, पांढरा, काळा. मला वाटलं, स्क्रू ढिले झालेत. शिलाई मशीनच्या डब्यातला पेचकस आणून एकेक नीट घट्ट केला. पांढरा कट्‌ करून वाजलासुद्धा.

संध्याकाळी सांगली लागली, पण विहिरीतून बोलल्यासारखी. आजोबांनी पाव वळसा दिला तर पुणं आणि धारवाड दोघंही एकदम सुरू! अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड. कट्ट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "सीमाप्रश्न मिटला म्हणायचा." आजोबा हसले नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊनच ते मेकॅनिककडे गेले. त्यानं झाकण उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "कुणी हात घातला ह्यात?" आजोबा म्हणाले, "पडला हातातनं." मेकॅनिकला ते पटलं नसणार. "ह्ये स्क्रू न्हवंत, आयएफटी हाईत," असं तो रेडिओला सांगितल्यासारखं मला सांगत होता. आयएफटी म्हणजे हवं ते केंद्र शेजारच्यांपासून वेगळं काढणारी तारेची गुंडाळी. फुटलेली डबी बदलली. प्लास्टिकची काडी घेऊन, लाल सोडून बाकीचा एकेक ठिपका केसभर फिरवत तो त्यांना ४५५वर, म्हणजे रेडिओच्या आतल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, आणत होता. मग ६००च्या आसपासचं केंद्र लावून कांडीवरची तार नखानं इकडे-तिकडे सरकवली, वर १४००कडे जाऊन बारीक जुळणीचा स्क्रू, ट्रिमर, फिरवला, पुन्हा खाली, पुन्हा वर. आवाज भरला तसा थांबला आणि मेणबत्ती पेटवून तारेवर मेणाचे दोन थेंब सोडले. गरम मेणाचा तो वास अजून नाकात आहे. घरी येताना आजोबा एवढंच म्हणाले, "आता हात लावू नको."

परवा तासाभरानं लाइट आली. पंखा फिरला, बल्ब लागले आणि धारवाड खरखरीत बुडालं. मी बल्ब घालवले, चार्जर काढला. तरी एक बारीक गुणगुण राहिलीच. मग रेडिओ हळूहळू फिरवत गेलो. एका जागी गुणगुण साफ गेली, पण कन्नडही गेलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. राऊटर आणि धारवाड एकाच रेषेत! धारवाड काही हलायचं नाही, म्हणून मी उठून राऊटरकडे गेलो.

आतल्या खोलीतून लेक ओरडली, "बाबा, त्याला हात लावू नका हं!"